थंडीआधी घराची तयारी, थोड्या पैशांत



मृग जवळ आला की कौलं चाळायची, गवऱ्या-सरपण आत ओढायचं, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. हिवाळ्याचं तसं नाही. नवरात्राच्या आधी ओढ्यावर गोधड्या धुऊन आणल्या की आपली हिवाळ्याची तयारी संपली. मग पौषात एखादी पहाट अशी येते की म्हाताऱ्या माणसाचे दात वाजतात, तान्ह्या लेकराचे तळवे निळे पडतात, आणि घरातला माणूस घाबरून शेगडी पेटवून दार लावून घेतो. तिथंच घात होतो. म्हणून हे पत्रक दसरा-दिवाळीच्या दरम्यान वाचा. हातात खरिपाचा थोडा पैसा आलेला असतो, ऊनही कडक असतं, आणि बरीचशी कामं तर पैशाविनाच होणारी आहेत.

आपल्याकडची थंडी हिमालयातली नव्हे, हे खरं. तरीपण निफाडजवळ कुंदेवाडीला जे गहू संशोधन केंद्र आहे, तिथला पारा डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे ५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले. गंमत अशी की महाबळेश्वर डोंगरावर आहे, तरी थर्मामीटर पाहिला तर कित्येक पहाटे निफाडच जास्त गार निघतं. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन दिवसभर साठवलेली ऊब रात्री वर आभाळाकडं सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराला वाहत सखल जागी जाऊन बसते. म्हणून ओढ्याकाठच्या, कालव्याखालच्या वस्तीवरचं घर उंचवट्यावरच्या गावठाणापेक्षा जास्त गारठतं. तुमचं घर कुठं आहे ते आधी बघा. सखलात असेल तर पुढचं सगळं तुम्हाला दुप्पट लागू.

पत्र्याचं घर

पूर्वीचं माळवद किंवा जाड मातीच्या भिंतींचं घर दिवसाची ऊब धरून ठेवायचं. आता निम्म्या वस्त्यांवर पत्रा आहे. पत्रा उन्हाळ्यात भाजतो हे सगळ्यांना माहीत, पण रात्री तोच पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. माणसांच्या श्वासातली वाफ त्याला आतून लागते आणि पहाटे अंथरुणावर थेंब ठिबकतात. लोक म्हणतात दव गळतं. ते दव बाहेरून आलेलं नसतं बरं का, घरातलंच असतं.

याला उपाय म्हणजे पत्र्याखाली दुसरं आच्छादन. खताच्या आणि पेंडीच्या रिकाम्या गोण्या धुऊन, उसवून, एकमेकींना शिवा आणि पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तारेवर ताणून बांधा. वर गोण्या, खाली जुनं सुती लुगडं असं दुहेरी केलं तर फारच छान. मधली जी वीतभर हवा अडकते ना, तीच खरी राखण करते. गोणी हे निमित्त. फक्त चुलीच्या वर आणि आजूबाजूला चार-पाच हात हे आच्छादन अजिबात नको, आणि विजेची वायर त्याला टेकता कामा नये. ठिणगी लागली की प्लॅस्टिकची गोणी वितळून अंगावर पडते.

दाराखालच्या फटीतून येणारी हवा सगळ्यात वाईट, कारण आपण झोपतो जमिनीवर. जुन्या विजारीच्या एका पायात भुसा भरून दोन्ही तोंडं शिवा, ती गुंडाळी रात्री दाराच्या फटीशी आडवी टाका. उत्तरेकडच्या भिंतीतल्या भेगा शेणमातीनं लिंपून घ्या. पण एक झरोका, जितका उंच असेल तितका बरा, उघडाच ठेवायचा. तो का, ते शेगडीच्या गोष्टीत सांगतो.

खालून आधी, वरून मग

पांघरायला दोन गोधड्या घेऊनही थंडी वाजते अशी पुष्कळांची तक्रार असते. अंगाखाली काय आहे ते कोणी बघत नाही. शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी टाकली तर रात्रभर फरशी अंगातली ऊब ओढत राहते. दोन गोधड्या असतील तर एक खाली घ्या, एक वर. त्याच्याही खाली भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड भरलेली गोणपाटाची गादी करा. पेंढा चांगला वाळलेला हवा. दर आठ-पंधरा दिवसांनी तो उन्हात झटकायचा आणि महिन्याने बदलायचा, नाहीतर त्यात किडे-विंचू आश्रय घेतात. काढलेला पेंढा गोठ्यात अंथरायला जातो, काहीच वाया नाही.

गोधडीचं म्हणाल, तर आपल्या आयाबायांनी जी वाकळ शिवली तिच्यात मोठं शहाणपण आहे. पाच-सहा जुन्या पातळांचे थर, आणि प्रत्येक दोन थरांत अडकलेली हवा. आता नवीन गोधडी शिवताना आत सुतीच कापड घाला. गुळगुळीत नायलॉनची साडी घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ भसकन पेटते. धावदोरा फार दाट घालू नका, गोधडी चपटी होऊन तिची ऊब जाते. चार बोटांच्या अंतरानं टाके पुरतात. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्या गोधड्या दोन दिवस दोन्ही बाजूंनी तापवा. दमट गोधडी कितीही जाड असली तरी गारच.

घोंगडीला मात्र मी गोधडीपेक्षा वरचा मान देईन. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी विणलेली घोंगडी ओली झाली तरी ऊब देते. सुताला हे जमत नाही. ठिणगी पडली तर लोकर पेट घेत नाही, करपते आणि विझते. सांगली, सोलापूर, सातारा भागात अजून ती मिळते. टोचते म्हणून पोरं नाक मुरडतात, त्यांना आतून सुती चादर द्या. बाजारातलं रंगीत झुळझुळीत ब्लँकेट दिसायला मऊ, पण ते शेकोटीजवळ घेऊन बसू नका.

अंगावरच्या कपड्यांनाही हाच नियम. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, मात्र ते सैल असावेत. डोकं, कान आणि पाय झाकले की निम्मं काम झालं.

पैसा आधी कशावर

हातात पाचशेच रुपये असतील तर? घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसासाठी कानटोपी आणि पायमोजे, हे पहिलं. दुसरं, रात्री पाणी धरायला जाणाऱ्यासाठी गमबूट. तिसरं, गोणपाट आणि सुतळी. त्यातून काही उरलं तर तीळ-गूळ. तरण्या पोराचं जॅकेट सगळ्यांत शेवटी, तो कितीही रुसला तरी. शिवाय लोकरीच्या वस्तू थंडी सरताना, माघाच्या अखेरीस आठवडी बाजारात स्वस्त सुटतात. त्या वेळी पुढच्या सालासाठी घ्या, वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा, कसर लागत नाही.

पाणी तापवण्याचं गणित

हिवाळ्यात जळण सगळ्यात जास्त जातं ते आंघोळीच्या पाण्याला. पहाटे विहिरीतून वाफा निघताना तुम्ही पाहिल्या असतील. जमिनीच्या पोटातलं पाणी बारा महिने जवळपास सारखंच राहतं, म्हणून बाहेर गारठा पडला की ते आपल्याला कोमट लागतं. आदल्या संध्याकाळी टाकीत भरून ठेवलेलं पाणी मात्र रात्रभर गार होत जातं. समजा टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांवर आहे आणि विहिरीतलं २४ वर. आंघोळीला ४० हवेत. टाकीचं पाणी २५ अंश चढवावं लागेल, विहिरीचं १६. म्हणजे नुसतं ताजं पाणी काढून बंबात ओतलं तर जळण तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाचलं. यात पैचा खर्च नाही.

त्याहून सोपं सांगू का? म्हाताऱ्यांची आणि लेकरांची आंघोळ दुपारी घाला. पत्र्याच्या पिंपाला बाहेरून काळा रंग द्या, झाकण घाला, सकाळपासून उन्हात ठेवा. दुपारी पाणी चांगलं कोमट होतं, हवाही उबदार असते. पहाटेच आंघोळ केली पाहिजे असा आग्रह धरणारे वडीलधारे घरोघरी आहेत, त्यांना कोणी समजवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

बंबात तुराट्या, पऱ्हाट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं चालतात. फक्त कोरडी हवीत, ओलं लाकूड निम्मी आच स्वतःला वाळवण्यातच घालवतं. विजेचा रॉड वापरत असाल तर पत्र्याच्या बादलीत नको. आणि पाणी तापलं की नाही हे बघायला बोट बुडवण्याआधी बटण बंद करून पिन काढलीच पाहिजे. दर हिवाळ्यात या एका बोटापायी माणसं जातात.

डाळ-भाताला लागणारं जळणही वाचतं. मोठ्या टोपलीत तळाशी आणि बाजूंनी वीतभर जाडीचा भुसा दाबा, मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवा. तासभर भिजवलेली डाळ पंधरा मिनिटं खळखळून उकळा, झाकण घट्ट लावा, पातेलं टोपलीत ठेवा आणि वर भुश्याची उशी दाबा. दोन-तीन तासांत डाळ आपल्याच उबेवर शिजते. भाताला पाच-सात मिनिटांची उकळी पुरते. आपल्या भांड्याला नेमका किती वेळ लागतो ते दोन-तीनदा करून बसवा, आणि वाढण्याआधी एक कढ आणा.

शेगडी आणि बंद दार

आता जे सांगतो ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं खोलीत ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपू नका. धूर नाही म्हणजे धोका नाही असं लोकांना वाटतं. खरं तर धूर निघून गेल्यावर लाल झालेला निखाराच जास्त फसवा. कोळसा जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तातला जो लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग रक्त असूनही अंगाला प्राणवायू पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, नंतर गुंगी चढते. जागा असलेला माणूस कदाचित उठून दार उघडेल. झोपलेला माणूस झोपेतच राहतो. सकाळी दार फोडावं लागतं.

म्हणून शेगडीवर शेकायचं ते अंगणात, नाहीतर दार उघडं ठेवून, आणि जागेपणी. झोपण्यापूर्वी निखारे बाहेर काढून पाण्यानं विझवायचे. राखेखाली झाकलेला विस्तव म्हणजे विझलेला विस्तव नव्हे, तो रात्रभर हाच वायू सोडत असतो. मघाशी एक उंच झरोका उघडा ठेवा म्हटलं, ते यासाठीच. पण झरोका आहे म्हणून शेगडी आत चालेल, असा उलटा अर्थ काढू नका. ट्रॅक्टर, डिझेल इंजिन, जनरेटर यांनाही हाच नियम, बंद शेडमध्ये ते चालवायचे नाहीत.

एकाच घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, उमासे येऊ लागले, तर अन्नातून काही झालं असं समजून बसू नका. आधी दार उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन लावा. आत बेशुद्ध माणूस असेल तर आधी दारं-खिडक्या उघडा, श्वास रोखून आत जा आणि त्याला ओढून बाहेर आणा, आत थांबू नका.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आणि ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामागची माया खरी आहे, बाळबाळंतिणीला ऊब पाहिजेच. पण ती ज्या कौलारू, सांदीफटींच्या घरात सुरू झाली ते घर आता राहिलं नाही. आजच्या सिमेंटच्या बंद खोलीत तीच शेगडी जिवावर उठते, आणि धुरी तान्ह्याच्या कोवळ्या फुप्फुसाला सोसत नाही. भाजण्याचा धोका वेगळाच.

मग बाळाला ऊब कशी द्यायची? आईच्या अंगासारखी शेगडी नाही. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभं धरायचं आणि दोघांवरून पांघरूण घ्यायचं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर हे औषधासारखं आहे. आई दमली तर आजी, नाहीतर बापानंही असंच धरावं, लाजायचं काय त्यात? जन्मल्यावर पहिले २४ तास आंघोळ नको, कोरड्या मऊ कापडानं पुसून गुंडाळायचं. पालथ्या हातानं बाळाचं पोट आणि तळवे बघत जा. पोट गरम आणि तळवे गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, ताबडतोब छातीशी घ्या. पोटही गार लागलं, बाळ सुस्त पडलं, अंगावर ओढेना, तर सकाळची वाट न बघता छातीशी धरूनच दवाखान्यात न्या.

शेकोटीजवळ बायकांनी पदर खोचून बसावं. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी घाला. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

म्हातारी माणसं

थंडीत अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे रक्तदाब चढतो. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी हिवाळ्यात ती बंद करायची नाही, संपण्याआधी आणून ठेवायची. पहाटे एकदम उठून उघड्यावर जाऊ नका. आधी अंथरुणातच हातपाय हलवा, मग दोन मिनिटं बसा, टोपी-घोंगडी घ्या, मग उठा. रात्री लघवीला जावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, हे चूक. दिवसा भरपूर प्यावं, फक्त झोपण्याच्या आधी कमी करावं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, किंवा छातीवर दाब येऊन घाम सुटला, तर थंडीनं झालं असेल म्हणून शेकत बसू नका, गाडी काढा.

टाचा फुटल्या असतील तर रात्री कोमट पाण्यात भिजवून, पुसून, कोकमाचं तेल पातळ करून लावा आणि वर मोजे घाला. तीळतेल अंगाला चोळून मग दुपारची आंघोळ, ही आपली जुनीच रीत फार चांगली.

पोटातली ऊब

सुक्यामेव्याचे आणि डिंकाचे लाडू ज्याला परवडतात त्याने करावेत. नाही परवडले तरी बिघडत नाही. बाजरीची भाकरी, तिळाची नाहीतर जवसाची चटणी, हुलग्याचं माडगं, मेथीची भाजी, शेंगदाणे आणि नवा गूळ, एवढ्यात हिवाळा निभावतो. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करतात ती काही उगीच नाही, त्या दिवसांत अंगाला जे लागतं तेच त्या ताटात आहे. बाजरीत तेलाचा अंश असल्यानं पीठ लवकर कडू होतं, म्हणून एका वेळी आठ दिवसांपुरतंच दळून आणा. रात्रीच्या जेवणात थोडा गूळ-शेंगदाणा असला की अंगात पहाटेपर्यंत जळण राहतं.

दारूनं ऊब येते हा मोठा भ्रम. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, वरवर गरम वाटतं, पण आतली ऊब त्याच वाटेनं बाहेर पळते.

रात्रीचं पाणी

गहू, हरभरा, कांद्याला पाणी द्यायचं आणि वीज रात्रीची, हे आपल्या नशिबी पुष्कळ वर्षं आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली. तुमच्या फीडरला ती मिळाली नसेल तर गावानं मिळून मागणी लावून धरा. तोवर रात्री दारं धरणाऱ्यानं एकट्यानं जाऊ नये. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत न्या. भिजलात की लगेच बदला, कारण ओल्या कपड्यातून ऊब कितीतरी लवकर जाते. मळ्यातल्या खोपीत घोंगडी, काडेपेटी आणि गूळ-शेंगदाणे कायम असू द्या. हुडहुडी भरणं हे शरीराचं चालू इंजिन आहे. हुडहुडी थांबली, पण माणूस बरळू लागला, पाय लटपटले, तर तो बरा झालेला नाही, इंजिन बंद पडत चाललं आहे. त्याला कोरडं करा, गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा पाजा आणि दवाखान्यात हलवा. अशा वेळी हातपाय जोरात चोळू नका आणि विस्तवाला अगदी चिकटवून बसवू नका.

गोठा

घर म्हटलं की गोठा आलाच. उत्तरेच्या बाजूनं तुराट्यांचा किंवा पाचटाचा ताटवा लावा, वरची बाजू हवेला मोकळी सोडा. चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं तर मुताचा वास कोंडून वासरांना खोकला लागतो. खाली कोरडा पेंढा हवा, ओल्या जागेवर बसलेली गाय दूध आखडते. सकाळी टाकीतलं बर्फासारखं पाणी पाजण्याऐवजी विहिरीचं ताजं पाजा, जनावर पोटभर पितं. संध्याकाळी वैरण जरा जास्त टाका, कारण रवंथातूनही त्यांना ऊब मिळते. नव्या वासराला जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजा, कोरडं पुसा आणि जुन्या गोणपाटाची झूल पोटाखाली सैल बांधून अंगावर घाला. करडांना टोपलीत पेंढा घालून घोळक्यानं ठेवा. झूल दवानं ओली झाली असेल तर सकाळी उन्हं अंगणात आल्याबरोबर काढून वाळत टाका, आणि संध्याकाळी कोरडी झाली आहे हे हातानं बघूनच पुन्हा बांधा.